बी.एड. कॉलेजला देणगी द्या, खरंच द्या

देणगी म्हटलं की आपल्याकडे देऊळ, हॉस्पिटल, नाहीतर आपलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज. बी.एड. कॉलेज कुणाच्या डोक्यातच येत नाही आणि त्याचं कारणही सरळ आहे, तिथून शिकून बाहेर पडतात ते मास्तर आणि बाई, त्यांच्यातलं कोण कोटीभराचा चेक फाडणार? म्हणून मला मनापासून वाटतं की इथे बाकीच्यांनी पुढे यायला हवं, कारण आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या बी.एड. झालेल्या बाईंच्या हाताखाली शिकलोय.

मुंबईत चर्चगेटला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये विद्यापीठाचंच एक शिक्षणशास्त्राचं कॉलेज आहे, पीव्हीडीटी. पी म्हणजे प्रेमलीला, लेडी प्रेमलीला ठाकरसी. त्यांचे यजमान सर विठ्ठलदास, ज्यांनी १९२० मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले आणि आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं, तेच हे एसएनडीटी. त्या काळचे १५ लाख! साडेतीन टक्क्यांनी वर्षाला ५२,५०० रुपये व्याज, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच, मूळ रकमेला हात न लावता दरवर्षी ठराविक पैसे येणार, म्हणजे प्राध्यापकांचे पगार कशातून करायचे याची दर महिन्याला चिंता नको. विठ्ठलदास १९२२ मध्येच गेले, पण काम चालू राहिलं, १९५१ मध्ये सरकारी कायद्याने विद्यापीठाला मान्यता मिळाली तेव्हा पहिल्या कुलगुरू प्रेमलीलाबाईच होत्या. पैसे देऊन मोकळं न होता घरच्यांनी पुढे कामातही उतरायचं, हे फार दुर्मिळ आहे हो.

आता आजचं बघा. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, म्हणजे फी, खोलीभाडं, मेस सगळं डबल, आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेवर इंटर्नशिप. गावाकडून आलेली मुलगी सकाळी शाळेवर पाठ घेते, संध्याकाळी कार्डशीट, स्केचपेन, फेविकॉल घेऊन उद्याच्या पाठाचा तक्ता करत बसते, मग रात्री पाठ टाचण, म्हणजे पाठ कसा घ्यायचा त्याचा आराखडा, लिहायचं, यात पार्टटाइम नोकरी कधी करणार ती? एसटीचं तिकीट मुलींना २०२३ पासून अर्धं झालंय तेवढाच आधार. बाकी झेरॉक्स, प्रिंट, प्रॅक्टिकलच्या फाइली हे सगळं खिशातूनच. स्कॉलरशिप असते पण ती खात्यात येईपर्यंत वर्ष सरत येतं आणि मधल्या काळात कॉलेज सोडायची वेळ येते ती अशाच मुलींवर.

म्हणून माझं मत, भिंतीवर नावाची पाटी लागेल अशा हॉलपेक्षा कायम ठेव द्या. तीन लाखांच्या ठेवीवर सात टक्के धरले तरी वर्षाला २१ हजार होतात, एका मुलीचा सगळा किरकोळ खर्च त्यात निघतो, दरवर्षी नवी मुलगी. एवढे नसतील तर चार मित्र मिळून करा. आणि अटी कमी घाला प्लीज, "अमक्याच तालुक्यातली, अमक्याच विषयाची" असं लिहून ठेवलं की काही वर्षांनी तशी मुलगीच मिळत नाही आणि पैसे नुसते पडून राहतात.

पावती घ्याच. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीवर टॅक्स सवलत मिळवून देणारी मान्यता, आहे का ते आधी विचारा, रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर सवलत मिळत नाही, आणि नव्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर ती तशीही नाही (पण म्हणून देणं थांबवू नका!). बाहेरच्या देशात आहात आणि तिकडचं नागरिकत्व घेतलंय तर संस्थेचं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठीचं, रजिस्ट्रेशन लागतं, भारतीय पासपोर्ट असेल तर आपल्या बचतीतून सरळ बँकेने पाठवता येतात. ॲडमिशन झाल्या झाल्या कॉलेजच्या ऑफिसात फोन करून कुणाची फी अडलीये विचारा, क्लार्कला सगळं माहीत असतं.