तूप थिजलं साडेसातला

माझ्या ट्रॅव्हल ऑफिसकडे आलेली मागणी अशी: आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, जून महिन्यातलं अलास्काचं जहाज, आणि बाल्कनीत दोघांसाठीच मांडलेलं रात्रीचं जेवण. त्यांच्या मुलीनं मला फोटोही पाठवला होता: पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, दोन मेणबत्त्या, मागे समुद्र. जाहिरातीतले हे फोटो बहुतेक भूमध्य समुद्रातले असतात. बायकांच्या उघड्या दंडांवरूनच कळतं. मेणबत्तीचं तर बोलायलाच नको. जहाजावर उघडी ज्योत चालत नाही, आणि जूनमध्ये अलास्कातल्या जुनो बंदरात सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. मेणबत्ती लावायला अंधार तरी हवा ना!

काका-काकू कर्वेनगरचे, दोघंही सत्तरीच्या पुढचे, शुद्ध शाकाहारी. जहाज व्हँकूव्हरहून सुटणार, म्हणजे अमेरिकेचा आणि कॅनडाचा असे दोन्ही व्हिसा. ते झाले. खरं डोकं खाल्लं ते बाल्कनीनं.

थंडीच्या जहाजात केबिन निवडताना लोक डावी बाजू की उजवी यावर तासभर वाद घालतात. ग्लेशियर बे या खाडीत मार्जरी हिमनदीसमोर जहाज स्वतःभोवती फिरतं, दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं. विचारायला हवं ते वेगळंच: वर छत आहे का, आणि वारा कुठून लागणार? सगळ्यात चांगली केबिन मागच्या टोकाची, कारण समोरचा वारा अख्खं जहाज अडवतं. ती आधीच गेली होती. मधल्या भागातली, वरच्या मजल्याच्या बाल्कनीखाली झाकली जाणारी घेतली.

आता वाऱ्याचं गणित. हवा 8 अंश असेल आणि जहाज 20 नॉट्सनं, म्हणजे ताशी 37 किलोमीटरनं चाललं असेल, तर उघड्या कातडीला ते साडेतीन अंशांसारखं लागतं. जानेवारीत पुण्यात पहाटे दहाच्या आसपास पारा असतो, म्हणून कोथरूडच्या ऑफिसच्या गच्चीवर टेबलफॅन लावून मी चाचणीच घेतली. स्टीलच्या वाटीत 75 अंशांची आमटी आठ मिनिटांत पंचेचाळिसावर आली. तीच आमटी झाकणाच्या जाड मगमध्ये अर्ध्या तासानंतरही तोंड भाजत होती. म्हणून यादी केली: सूप मगमध्ये, भात-वरण वेगवेगळं नको, भाजी भरलेला रोल बरा, लोणी, चीज, तूप असलेलं काही बाहेर नेऊ नका. चिवडा तर अजिबात नको, पोहे थेट शेजाऱ्यांच्या बाल्कनीत जातात. सीलबंद भाकरवडी उत्तम. ती गार झाली म्हणून कोणी तक्रार करत नाही.

बसायच्या जाळीच्या खुर्चीतून थंडी खालून चढते, म्हणून एक ब्लँकेट अंगावर आणि एक घडी करून बुडाखाली. ही ब्लँकेटं केबिन स्टुअर्डला आदल्या दिवशीच सांगायची. बाल्कनीच्या दाराचा उंबरठा उंच असतो, चप्पल घालून ओलांडायचा नाही. आणि वेटर ताटं घेऊन आला की आधी मागचं कॉरिडॉरचं दार लावून घ्यायचं, मगच बाल्कनीचं उघडायचं. दोन्ही एकदम उघडली की केबिनमधून असा झोत सुटतो की नॅपकिनसकट सगळं समुद्रात. किटली न्यायला बंदी, म्हणून थर्मास. बुफेतलं गरम पाणी कपात घेऊन त्यात ओतायचं, नळाला बाटली लावू देत नाहीत. आधी पाच मिनिटं गरम पाणी भरून ठेवायचं, ते ओतून मग चहाचं भरायचं.

इतकं सगळं करून चुकलं ते वेळेत. मुलीला वाढदिवसाच्याच दिवशी जेवण हवं होतं, आणि त्या दिवशी होता ग्लेशियर बे. बर्फासमोर जहाज जवळजवळ थांबतं, तेव्हा समोरचा वारा नसतो. असतो तो हिमनदीवरून उतरणारा गार वारा. पण ते सकाळी. जेवणाची वेळ संध्याकाळी साडेसातची. तोवर जहाज आइसी स्ट्रेट या सामुद्रधुनीतून अलास्काच्या आखाताकडे लागलेलं, वेग धरलेला. आदल्या दिवशी जुनोला जहाज रात्रीपर्यंत धक्क्याला बांधलेलं होतं. जेवण तिथं घ्यायला हवं होतं, तारीख हुकली तरी. हे मला ठाऊक होतं. ईमेलच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंही होतं, "हवामानानुसार अनुभव बदलू शकतो." ही आमच्या धंद्याची भाषा. याचा अर्थ कोणालाच कळत नाही, आणि आम्हीही तो कळू देत नाही.

सकाळी मार्जरीसमोर दोघं थर्मासचा चहा आणि भाकरवडी घेऊन तासभर बाल्कनीत बसले. फोटोत काकू नऊवारीवर जाड जॅकेट घालून, कप दोन्ही हातांत धरून. खर्च जवळजवळ शून्य. संध्याकाळच्या जेवणाचे पैसे वेगळे मोजलेले. सूप बरं झालं, मग भात आला. काकांनी हट्टानं तूप मागवलेलं. वीस मिनिटांत दोघं ताटं घेऊन आत, पलंगाच्या कडेला.

परत आल्यावर मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही ठाम सांगायला हवं होतं." जहाजवाल्यांनी पैसे परत दिले नाहीत, कारण पदार्थ तर सगळे वाढले होते. काका म्हणाले, "अहो, आम्ही मजेत होतो, तुम्ही नका मनाला लावून घेऊ." काकूंची तक्रार वेगळीच. भातावर तूप पांढरं, गोळ्यासारखं बसलं होतं. मी थंडीचं कारण सांगू लागले, तर मध्येच तोडून म्हणाल्या, "थंडीबिंडी काही नाही. ते तूप नव्हतंच, वितळवलेलं लोणी होतं. वासावरून कळतं."