सत्तर अक्षरांत बसणारी लिंक

एका पतसंस्थेला वीस हजार सभासदांना वार्षिक उताऱ्याची लिंक मराठी एसएमएसने पाठवायची होती. मजकूर ४६ अक्षरांचा, प्रत्येकाची वेगळी लिंक ९४ अक्षरांची, एकूण १४०. मेसेजमध्ये देवनागरीचं एक अक्षर जरी आलं तरी सबंध मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा १६० वरून ७० वर येते. मेसेज तुटला तर प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरंच मावतात. म्हणजे इथे तीन तुकडे आणि तिप्पट बिल. शिवाय मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं; ‘पत्र’ हा शब्द चार अक्षरांचा धरतात.

फुकटातला शॉर्टनर, म्हणजे लांब लिंक छोटी करून देणारी सेवा, वापरा, असं कार्यालयातून सुचवलं गेलंच. गूगलने आपला शॉर्टनर २०१८ मध्ये नव्या लोकांसाठी बंद केला आणि पुढे जुन्या लिंकाही २५ ऑगस्ट २०२५ ला बंद होतील असं जाहीर केलं. वापरातल्या लिंका नंतर चालू ठेवल्या, पण दुसऱ्याच्या डोमेनवरच्या लिंकचं असंच असतं. त्यात १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे आधी मंजूर केलेल्या यादीत, नसलेली लिंक असली की टेलिकॉम कंपनी मेसेज अडवते. तेव्हा सात अक्षरांचं स्वतःचं डोमेन घेतलं आणि लिंकचा न बदलणारा भाग डीएलटी पोर्टलवर (संस्थांच्या एसएमएसची नोंदणी होते ती टेलिकॉम कंपन्यांची साइट) सगळ्यात आधी नोंदवायला टाकला. मंजुरी आपल्या हातात नसते, म्हणून तिथूनच सुरुवात करायची.

सर्व्हरवर शलिंक हे स्वतः चालवायचं शॉर्टनर सॉफ्टवेअर डॉकरमध्ये चढवलं; डॉकर प्रत्येक प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतो. एक जीबी रॅमच्या मशीनवर एवढं काम सहज चालतं. काही सांगितलं नाही तर शलिंक एसक्यूलाइट हा एका फाइलीतला डेटाबेस वापरतं आणि ती फाइल कंटेनरच्या आतच राहते. अपडेट करताना कंटेनर नव्याने बनवला की सगळ्या लिंका गेल्या. त्यामुळे पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतला आणि त्याचा डेटा कंटेनरबाहेरच्या वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवला. दुसरी खबरदारी पोर्टची. डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलला जुमानत नाही, कारण डॉकर स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये, घालतो. शलिंकचा ८०८० हा पोर्ट फक्त १२७.०.०.१ ला, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्याला, बांधायचा आणि बाहेरच्या विनंत्या घ्यायला पुढे एनजिनएक्स हा वेबसर्व्हर उभा करायचा.

एचटीटीपीएससाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राने मात्र दुपार खाल्ली. डीएनएसमधला ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा आयपीव्ही४ पत्ता, बरोबर होता, ब्राउझरमध्ये साइट उघडत होती, तरी फुकट प्रमाणपत्र देणारं लेट्स एन्क्रिप्ट नकार देत होतं. आधीच्या होस्टिंगचा एक चार-ए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता, डोमेनच्या नोंदींमध्ये तसाच पडून होता. लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही६ असेल तर आधी तिकडे जातं. तिथला जुना सर्व्हर जिवंत असल्याने ४०४ (पान सापडलं नाही) असं ‘उत्तर’ मिळत होतं, आणि उत्तर मिळाल्यावर ते आयपीव्ही४ कडे वळत नाही. आपल्या नेटवर आयपीव्ही६ नसेल तर हे दिसतच नाही. तासाला एका नावासाठी पाच फसलेले प्रयत्न झाले की थांबावं लागतं, म्हणून आधी त्यांच्या स्टेजिंग या सरावाच्या सर्व्हरवर चाचणी करायची.

मग क्लिकची नोंद तपासली, तर सगळ्या भेटी १७२.१८.०.० वरून! एनजिनएक्समधून पाहुण्याचा खरा पत्ता सांगणारा एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर पुढे जात नव्हता, त्यामुळे शलिंकला डॉकरचा गेटवेच पाहुणा वाटत होता. शेवटचं शून्य शलिंकचं स्वतःचं. गोपनीयतेसाठी ते पत्त्याचा शेवटचा भाग पुसतं. हेडर घातल्यावर पत्ते खरे आले. गावांच्या आकड्यांवर तरीही विसंबू नये, मोबाइल नेटवर गावातला माणूस सर्रास मुंबईत दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पुढे पाठवली की प्रिव्ह्यूसाठीही एक भेट पडते. अहवालात बॉट, म्हणजे अशा यंत्रांच्या भेटी, वगळूनच आकडे घ्यावेत. छोट्या लिंकवरून मूळ पानाकडे वळवणारा रीडायरेक्ट ३०२, म्हणजे तात्पुरताच, ठेवला. ३०१, म्हणजे कायमचा, ब्राउझर लक्षात ठेवतो, मग लिंकचं ठिकाण बदललं तरी जुन्याच पानावर जातो.

खरा वाद झाला तो शॉर्ट कोडवर, म्हणजे लिंकच्या शेवटच्या अक्षरांवर. शलिंकमध्ये मूळ लांबी पाच, लहान-मोठी अक्षरं वेगळी. पण सभासद दुसऱ्याच्या फोनवर लिंक हाताने टाइप करतात, म्हणून ‘लूज’ मोड लावला: सगळे कोड लहान अक्षरांत, टाइप करताना मोठं अक्षर पडलं तरी चालतं. याची किंमत अशी, की ६२ ऐवजी ३६ चिन्हं उरतात. ३६ चा पाचवा घात सुमारे सहा कोटी. त्यात वीस हजार लिंका, म्हणजे साधारण तीन हजार अंदाजांत एखादी लागणारच. आता मोजणी: सुरुवातीच्या ‘https://’ ची आठ, डोमेन सात, तिरकी रेघ एक, कोड पाच, मिळून २१. मजकूर धरून ६७. तीन अक्षरं शिल्लक होती, ती तिन्ही कोडला दिली. आठ अक्षरांच्या कोडमध्ये तोच अंदाज सुमारे १४ कोटींत एक पडतो आणि मेसेज बरोबर ७० वर येतो. उतारा उघडण्याआधीचा ओटीपी कायम ठेवला. कोड लपलेला असतो, कुलूपबंद नसतो.

वीस हजार लिंका हाताने न बनवता शलिंकच्या एपीआयने, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधून, बनवल्या; एपीआयची की एनजिनएक्सकडून फक्त कार्यालयाच्या आयपीवरून चालेल अशी केली. डेटाबेसच्या रात्रीच्या बॅकअपची एक प्रत दुसऱ्या सर्व्हरवर जाते. डोमेनचं नूतनीकरण पाच वर्षांचं एकदम भरून टाकलं. पोर्टलवरची मंजुरी येईपर्यंत चाचणीचा मेसेज अडकून होता. आल्यावर तो पोचला, एकाच क्रेडिटमध्ये, म्हणजे एकाच मेसेजच्या हिशेबात.