कोपरी-पाचपाखाडी: सुरक्षित मतदारसंघ कसा घडतो

कोपरी-पाचपाखाडीत कोण निवडून येणार, हा प्रश्न ठाण्यात आता कोणी विचारत नाही. मताधिक्य किती, एवढीच चर्चा होते. २००९ मध्ये मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर ठाण्यातील हा विधानसभा मतदारसंघ पहिल्यांदा मतदानाला सामोरा गेला, तेव्हापासून चारही वेळा शिवसेनेचे एकनाथ शिंदे येथून निवडून आले आहेत. २०१४ मध्ये युती तुटल्याने भाजपचा उमेदवार समोर होता, तरी फरक सुमारे ५२ हजारांचा राहिला. २०१९ मध्ये तो ८९,३०० झाला आणि २०२४ मध्ये, ठाण्यातील शिवसेनेचे दिवंगत नेते आनंद दिघे यांचे पुतणे केदार दिघे उद्धव ठाकरे यांच्या पक्षाच्या मशाल चिन्हावर उभे असतानाही, १,२०,७१७ वर गेला. पक्ष फुटला, जुन्या निष्ठेचा वारसा सांगणारा प्रतिस्पर्धी समोर आला आणि तरीही मताधिक्य वाढले, याचे उत्तर केवळ नेत्याच्या लोकप्रियतेत शोधणे मला अपुरे वाटते. ते येथील वस्तीत आहे.

ठाणे हा शिवसेनेचा बालेकिल्ला असल्याचे आपण इतक्या सहज म्हणतो की त्याचा इतिहास सपाट होऊन जातो. शिवसेनेच्या स्थापनेनंतर पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, ठाणे नगरपालिका तिच्या हाती आली आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले, हे खरे. पण विधानसभेची जागा ऐंशीच्या दशकात काँग्रेसच्या कांती कोळी यांच्याकडे होती. ती १९९० मध्ये मोरेश्वर जोशी यांनी शिवसेनेसाठी जिंकली. लोकसभेला तर शहराने जनसंघ-भाजप परंपरेतल्या रामभाऊ म्हाळगी आणि राम कापसे यांना निवडून दिले होते. १९९६ मध्ये प्रकाश परांजपे यांच्या रूपाने ती जागा शिवसेनेकडे आली. महापालिकेत शिवसेनेला स्वबळावर स्पष्ट बहुमत मिळायला २०१७ साल उजाडावे लागले. तेव्हा १३१ पैकी ६७ जागा आल्या.

मधल्या काळात शहर बदलत होते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत म्हणजे वागळे इस्टेट. त्या कारखान्यांच्या ओढीने सातारा, सांगली, कोकण आणि उत्तर भारतातून माणसे आली. कंपनीने पगार दिला, घर दिले नाही. म्हणून किसननगर, हाजुरी, रघुनाथनगर परिसरात चाळी उभ्या राहिल्या, त्यांच्या जागी पुढे परवानगीवाचून चार-पाच मजली इमारती आल्या. रुळांपलीकडे कोपरीत मूळचे कोळी आणि आगरी, फाळणीनंतर वसलेले सिंधी. रुळांच्या अलीकडे, पाचपाखाडीत, नोकरदार मध्यमवर्गाच्या सोसायट्या. १९९१ मध्ये महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ८,०३,३८९ होती, २०११ मध्ये ती १८,४१,४८८ झाली. एवढी माणसे येताना प्रशासनाची यंत्रणा त्यांच्या वेगाने वाढली नाही.

ती पोकळी शाखेने, म्हणजे शिवसेनेच्या वस्तीतल्या कार्यालयाने, भरली. किसननगरच्या गल्लीत दोन इमारतींमधील अंतर इतके कमी आहे की समोरच्या खिडकीतला कुकर आपल्याच स्वयंपाकघरात वाजतो आहे असे वाटावे; अशा ठिकाणी नळाला पाणी नसल्याची तक्रार घेऊन माणूस प्रभाग कार्यालयात जात नाही, शाखेत जातो. मी संध्याकाळी तिथे बसलेल्या बायका पाहिल्या आहेत: कुणाला शाळेच्या प्रवेशासाठी पत्र हवे असते, कुणाला रेशनकार्डावर सुनेचे नाव चढवायचे असते, कुणाचा नवरा कामगार हॉस्पिटलात असतो. घर अनधिकृत असल्यामुळे कायद्याचा आधार लंगडा पडतो, आणि म्हणून ओळखीचा आधार मोलाचा ठरतो. शिंदे स्वतः साताऱ्याहून आलेल्या कुटुंबातले, याच किसननगरचे शाखाप्रमुख आणि १९९७ मध्ये नगरसेवक झालेले. २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार फुटले तेव्हा येथे शाखेत बसणारी माणसे बहुतांशी शिंदे यांच्यासोबत राहिली, आणि मतेही त्या माणसांमागून गेली.

हे केवळ एका पक्षाचे वैशिष्ट्य नाही. शेजारच्या मुंब्रा-कळव्यात जितेंद्र आव्हाड २००९ पासून निवडून येत आहेत आणि राष्ट्रवादी फुटल्यावर शरद पवारांसोबत राहूनही २०२४ मध्ये जिंकले. नौपाड्याचा समावेश असलेला ठाणे शहर मतदारसंघ मात्र २०१४ मध्ये शिवसेनेकडून भाजपच्या संजय केळकरांकडे गेला आणि तिथेच टिकला. एकाच शहरात तीन पक्षांचे तीन गड आहेत, आणि प्रत्येकाची वस्ती वेगळी आहे.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. निकाल आधीच ठरलेला असला की खरी चुरस उमेदवारीसाठी, पक्षाच्या बंद दाराआड होते आणि मतदाराच्या वाट्याला फक्त मोहोर उठवण्याचे काम उरते. विरोधी पक्ष येथे पाच वर्षे काम करीत नाहीत, निवडणुकीच्या तोंडावर नाव शोधतात. २०१९ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराला पंचवीस हजार मतेही मिळाली नाहीत. जुन्या आणि अनधिकृत इमारती एकत्र पाडून तिथे नवी अधिकृत घरे बांधण्याच्या समूह पुनर्विकास योजनेसारख्या, हजारो कुटुंबांच्या छपराशी निगडित निर्णयावर आमदाराला जाब विचारणारा तुल्यबळ आवाज मतदारसंघात नाही. सत्ताधाऱ्यांनाही हे हिताचे नाही, असे माझे ठाम मत आहे.

आणि हीच पुनर्विकास योजना या गडाची सर्वांत मोठी परीक्षा ठरेल. ज्यांचे घर अधिकृत होईल, ज्यांच्या नावावर करारनामा असेल, त्यांना पाण्याच्या जोडणीसाठी शाखेची पायरी चढावी लागणार नाही. त्यातच २०२६ नंतरच्या जनगणनेच्या आधारे मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखल्या जायच्या आहेत. वागळेत कारखान्यांच्या जागी आयटी कंपन्यांची कार्यालये आली आहेत, आणि उंच इमारतींत राहायला येणारा नवा मतदार शाखाप्रमुखाला नावाने ओळखत नाही.