रात्री दीड वाजता विचारलेला सल्ला

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, एरवी मी हे टाळतच आलो. "काकाजी, धरण-कालव्यांच्या कामावर ३१ वर्षं काढलीत, एवढं वाचलंत, मग वाचनालयातल्या पोरांना आजच्या काळात शहाणा कोणाला म्हणायचं हे सांगायला नाही का म्हणता? कोणी सल्ला मागितला तर 'तुमचं तुम्ही बघा' का म्हणता?" काहींना हा ताठा वाटतो. एका नातेवाइकाने तर तोंडावर सांगितलं की ज्ञान दाबून ठेवणं पाप आहे. ते फार लागलं.

२२ सप्टेंबर २०२३. नागपुरात आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पुरण, आंबील, सोळा भाज्या, पंगतीवर पंगत. रात्री पाऊस लागला, तशी भांडी घासायला आलेली बाई आमच्याकडेच थांबली. ती नाल्याकाठच्या वस्तीत जन्मलेली. आमच्या भागात नाग नदीला नालाच म्हणतात. दीडच्या सुमारास ती उठून व्हरांड्यात गेली आणि परत येऊन म्हणाली, "काकाजी, नाल्याचा आवाज बदलून राहिला जी. खालच्या माणसाईले वर न्या."

मी मोबाइल उघडला. तासाभरात जोर ओसरेल असं त्यात दिसत होतं. वरच्या अंगाचा अंबाझरी तलाव भरलेला होता हे ठाऊक होतं, पण तो ओसंडतो ते काही नवीन नाही. आपण पोराबाळांना घेऊन ते बघायला जातो. मी तिला तसं समजावतच होतो, तेवढ्यात फाटकाशी शेजारचे भाऊ आले. त्यांची आई ऐंशीची, गुडघ्यांनी अधू, तळमजल्यावर झोपायची. "साहेब, आईला वर भाडेकरूंकडे नेऊ का? एवढ्या रात्री त्यांना उठवायचं म्हणजे..."

त्या क्षणी मी काय विचार केला, ते नंतर शेकडो वेळा आठवून पाहिलं आहे. खरं सांगायचं तर विचार केलाच नाही. बाई माझ्या मागे उभी राहून ऐकत होती आणि मला तिच्यासमोर माघार घ्यायची नव्हती. मी म्हणालो, "निवांत झोपा भाऊ. हे पाणी सांडव्यावरून नाल्यात जातं, घरात येत नाही."

पाणी पहाटे आलं. आधी मोरीतून वर चढलं, मग दारातून आत घुसलं. वीज गेली होती. आमच्या महालक्ष्म्या कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या आणि शेजारून भाऊंच्या हाका येत होत्या. पाण्याच्या रेट्याने त्यांचं दार उघडत नव्हतं. त्यांनी आईला स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवलं आणि स्वतः छातीएवढ्या पाण्यात उभं राहून तिला धरून ठेवलं. आम्ही जिन्यावरून ओरडत होतो, दुसरं काही करता येत नव्हतं. उजाडल्यावर होडी आली. आजी तीन आठवडे दवाखान्यात होत्या. घरी आल्या, पण पुन्हा चालल्या नाहीत. भाऊ चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणालात म्हणून झोपलो."

आता कोणी म्हणेल, काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तो कोणाला सांगता आला असता? हे मी स्वतःलाही सांगून पाहिलं. पण भाऊंनी मला पावसाचा अंदाज विचारला नव्हता. आईला वर नेऊ का, एवढंच विचारलं होतं. नेलं असतं आणि पाणी आलं नसतं, तर भाडेकरूंची झोपमोड झाली असती, यापलीकडे काय बिघडणार होतं? हा हिशेब शाळकरी मुलाला जमतो. माझ्या डोक्यात ३१ वर्षांचं जलशास्त्र असून मला तो जमला नाही.

मग शहाणी ती बाईच, असं तुम्ही म्हणाल. पुढच्या पावसाळ्यात दोनदा तिला पुन्हा आवाज बदललेला वाटला. दोन्ही वेळा आम्ही आजींना खुर्चीसकट उचलून वर नेलं आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात पाऊस थांबला. तिसऱ्यांदा आजीच नको म्हणाल्या. त्याआधी, ३० मे २०२४ ला, नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याची बातमी मोबाइलवरून घरोघरी पोचली तेव्हा मी म्हटलं होतं, थांबा. इथला उच्चांक ४७.९ चा, २०१३ च्या मे महिन्यातला. एकदम आठ अंशांची उडी असेल तर आधी यंत्र तपासलं पाहिजे. पुढे हवामान खात्यानेच संवेदक बिघडल्याचं सांगितलं. म्हणजे ज्या संशयी स्वभावाने मला त्या रात्री बुडवलं, तोच तेव्हा कामी आला. दोन्ही वेळा माझ्या आवाजात तीच खात्री होती. पोरांपुढे उभं राहून यातलं नेमकं काय शिकवू?

परवा भाऊंचा मुलगा आला. याच भागात तळमजल्याचा फ्लॅट स्वस्तात मिळतोय, घेऊ का म्हणून विचारायला. असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो, असं त्याला दलालाने सांगितलेलं. मी कागद घेतला. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता, यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची सुटका नाही. कर्ज ३० वर्षांचं धरलं, तर त्या काळात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता २६ टक्के. हे सगळं त्याला लिहून दाखवलं. त्याने कागद नीट वाचला आणि विचारलं, "म्हणजे घेऊ की नको, काका?"

मी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही. कागद तो घेऊन गेला आहे.