सदतीस पेजेसचा हिशोब लागेना

दर मिनिटाला लिनक्स कर्नलच्या लॉगमध्ये तीच ओळ. 'स्टॉल्ड पूल शटडाउन, ३७ इनफ्लाइट, ६० सेक'. म्हणजे नेटवर्क ड्रायव्हरचा मेमरीचा साठा (पूल) बंद होईना, कारण ३७ पेजेस (मेमरीचे तुकडे) अजून बाहेरच. मग १२० सेक, मग १८०. चहा पिऊन आलो तरी ३७ च. या एका आकड्यापायी माझे तीन दिवस गेले, म्हणून राग निवायच्या आत लिहून टाकतो.

आमच्या एआरएम बोर्डाचा जुना इथरनेट ड्रायव्हर दर पॅकेटला नवी मेमरी मागायचा, तिचं डीएमए मॅपिंग करायचा (म्हणजे नेटवर्क चिपला त्या मेमरीत थेट लिहिता येईल अशी सोय) आणि पॅकेट वर पाठवताना ते मोडायचा. लिनक्समध्ये ४.१८ पासून पेज पूल आहे: पेज एकदाच मॅप करा, वापरून झालं की तेच परत फिरवा. ड्रायव्हर त्यावर आणायला दीड दिवस लागला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते इंटरफेस डाउन करताना. दिलेलं प्रत्येक पेज परत आल्याशिवाय पूल मरत नाही. कार्यालयवाला भांडी मोजून घेतल्याशिवाय डिपॉझिट सोडत नाही, तसंच. पूल दर सेकंदाला मोजतो आणि मिनिटाला एकदा कुरकुरतो.

पहिला संशय सॉकेटवर. एखाद्या प्रोग्रॅमने आलेला डेटा वाचलाच नाही, तर एसकेबी (कर्नलमधली पॅकेटची नोंद) रांगेत पडून राहतो आणि त्याच्यासोबत पेजही. असं खरोखर घडू शकतं, त्यामुळे दीड दिवस मी याच भ्रमात. सिरियल कन्सोलवर बसून एकेक प्रोग्रॅम मारला. ३७. शेजारच्या टेबलावर हाच बिल्ड चालवला तर शून्य! "माझ्याकडे तर चालतंय रे," हे ऐकून डोकंच फिरलं. माझ्याकडे रीबूटनंतर कधी १२, कधी ५१.

तिसऱ्या संध्याकाळी भलतंच काही बघायला ईथटूलची (नेटवर्क कार्डाची माहिती देणारी कमांड) आकडेवारी काढली. सीआरसी एरर्स (वाटेत बिघडून आलेल्या फ्रेम्स, म्हणजे तारेवरची पॅकेट्स): ५१. इनफ्लाइट: ५१.

खराब फ्रेम टाकून देण्याच्या कोडच्या फांदीत मी 'पुट_पेज' लिहिलं होतं. मीच, दुसऱ्या कुणी नाही. त्याने पेज कर्नलला परत जातं, पण पूलच्या वहीत ते उधारच राहतं, आणि डीएमए मॅपिंगही लोंबकळतं. तिथे 'पेज_पूल_रिसायकल_डायरेक्ट' घातलं. एक ओळ! (हे फक्त नॅपीच्या पोलमध्ये, म्हणजे कर्नल ड्रायव्हरकडून पॅकेट्स गोळा करतो त्या फंक्शनमध्ये चालतं, इतरत्र 'पेज_पूल_पुट_फुल_पेज' वापरा.) शेजाऱ्याची केबल नवी होती, माझीची क्लिप तुटलेली, म्हणून बिघडलेल्या फ्रेम्स माझ्याकडेच. ती केबल आता मी कुणाला टाकू देत नाही. एररची फांदी तपासायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही.

तुमचा आकडा सदतीस नसून लाखांत असेल, तर केबलकडे बघूच नका. 'एसकेबी_मार्क_फॉर_रिसायकल' (या पॅकेटचं पेज पूलला परत द्या, अशी खूण) विसरला असाल. ५.१४ पासून ते आहे, आणि ते नसेल तर चांगली पॅकेट्ससुद्धा पूलला चुकवून निघून जातात.

हो, आधीच सांगायचं राहिलं: सिंकचा फ्लॅग (कॅश आणि मेमरी जुळवण्याचं काम पूलवर सोपवणारा) लावलात तर 'मॅक्स_लेन' (जास्तीत जास्त किती बाइट्स जुळवायचे) भरा, शून्य ठेवलंत तर पूल बनतच नाही. आणि तो फ्लॅग पेज डिव्हाइसकडे देतानाचं सिंक तेवढं बघतो. सीपीयूने वाचण्याआधीचं सिंक ड्रायव्हरनेच करायचं, नाहीतर आमच्यासारख्या बोर्डावर पॅकेटमध्ये आधीच्याच पॅकेटचे बाइट्स दिसतात. त्यातही माझी एक दुपार गेली.