भक्तपूरचं राजेशाही दही

आज नेपाळमधल्या भक्तपूरला दिवसभर नुसतं खाल्लं. न्यातपोलच्या (१७०२ सालचं पाच मजली देऊळ, मान दुखेपर्यंत पाहिलं) जवळच समय बजी ही थाळी मागवली. बजी म्हणजे आपले पोहेच, पण कोरडेठाक. ना भिजवणं, ना फोडणी! सोबत काळं सोयाबीन, आलं आणि छोयला. म्हशीचं मटण, वर मोहरीच्या तेलात मेथीची फोडणी. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. उडदाचा 'वो' मात्र थेट आजीच्या तव्यावरचं जाड धिरडं.

मग जुजू धौ. नेवारीत (इथल्या नेवार लोकांची भाषा) जुजू म्हणजे राजा, धौ म्हणजे दही. म्हशीचं दूध मातीच्या भांड्यात विरजतात, माती पाणी शोषते, दही घट्ट होतं. ते गोड असतं हे ठाऊक नसल्यानं मी मीठ मागितलं. दुकानातल्या दिदी हसतच सुटल्या. दुसरं मडकं मुकाट्यानं संपवलं.