चीक खाली बसेपर्यंत

गव्हाचा चीक खाली बसायला किती वेळ लागतो, हे आमच्या घरात कुणी कधी धड सांगितलेलं नाही. आजी म्हणायची, "बसला की कळतं." मावशीच्या वहीत "चीक काढून घ्यावा" एवढंच आहे, जणू तो डब्यातून चमच्याने काढायचा असतो. या एका ओळीपायी माझे आठ दिवस गेले.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मूळ अलिबागकडचे, आता ठाण्यात. रोश हशानाला, म्हणजे आमच्या नववर्षाला (आजी त्याला नव्याचा सण म्हणायची), सफरचंद-मध असतंच, पण चिकाचा हलवा नसेल तर सण झाला असं कुणी म्हणत नाही. आजवर तो आई करायची. आता ती बहिणीकडे इस्राएलमध्ये अश्दोदला आहे, आणि २०२५ चा हलवा माझ्या गळ्यात पडला. सण २२ सप्टेंबरला, सोमवारी संध्याकाळी लागणार होता. त्याच दिवशी घटस्थापना. मी आठ दिवस आधीच, रविवारी १४ तारखेला, किलोभर गहू भिजवले आणि स्वतःवर खूश झाले.

शेजारच्या काकू मूळच्या सोलापूरच्या, दर उन्हाळ्यात पाच-पाच किलोच्या कुरडया घालणाऱ्या. त्यांनी गहू पाहिले आणि म्हणाल्या, "पाणी कशाला सारखं बदलतेस? जरा आंबू दे की, चीक मोकळा सुटतो." चीक या विषयात माझ्या आयुष्यात त्यांच्याइतकं अधिकारी माणूस दुसरं नाही. मी ऐकलं. बुधवारी वाटला, गाळला, वरचं पाणी ओतलं आणि बोट लावून चाखला, तर चक्क आंबट. कुरडईला तो आंबटपणा चालतो, हवाच असतो. नारळाच्या दुधात घालायच्या चिकाला नाही. रात्री आईला फोन लावला (तिकडचं घड्याळ तेव्हा अडीच तास मागे असतं, म्हणजे तिची जेवणाची वेळ मोडली). ती म्हणाली, "अगं, दिवसातून दोनदा पाणी बदलायचं, हे काय सांगायला हवं?"

हो. सांगायला हवं. म्हणून मी सांगते : दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, दर वेळी गहू चोळून धुऊन.

तो आंबट चीक काकूंनीच नेला. सप्टेंबरच्या पावसात कुरडया कुठे वाळणार, म्हणून हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन शिजवला आणि वर तेल घालून वाटीभर मला पाठवला. उत्तम होता. मला तेव्हा रडू येत होतं, तरी सगळा खाल्ला.

गुरुवारी सकाळी पुन्हा अर्धा किलो गहू भिजवले. आता हिशोब अगदी काठावर आला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवारी संध्याकाळी वाटण, रात्रभर बसवण, सोमवारी ढवळण. आणि मध्ये शब्बाथ! शुक्रवारी दिवे लावले की शनिवारी अंधार पडेपर्यंत आमच्याकडे स्वयंपाकाला हात लागत नाही. म्हणजे पाणी बदलायचं नाही, आणि न बदलावं तर पुन्हा आंबणार. यावर आईचा तोडगा साधा होता : शुक्रवारी दिवे लावायच्या आधी शेवटचं पाणी बदल आणि पातेलं फ्रिजमध्ये ढकल. शनिवारी रात्री बाहेर काढलं तर वास गोड, कोऱ्या गव्हाचा. गहू तयार झालाय का हे बघायला दाणा चिमटीत दाबायचा, पांढरं दूध पिचकारीसारखं उडालं पाहिजे. नुसता चेपला तर अजून वेळ आहे.

रविवारी संध्याकाळी मिक्सरवर वाटला. थोडं थोडं पाणी घालून, आणि थांबून थांबून, नाहीतर मिक्सर तापतो. मलमलच्या फडक्यातून पिळला, चोथ्यात पुन्हा पाणी घालून दोनदा पिळला. हे सगळं तासाभरात उरकलं. साडेआठला उंच पातेल्यात सगळं दूध ओतून झाकण ठेवलं.

आणि मग वाट.

साडेनऊला झाकण उघडलं. दूध. साडेदहाला उघडलं. दूधच, फक्त वर बोटभर पिवळसर पाणी. अकराला मी वाटीने ते पाणी हलकेच काढू लागले, आणि पातेल्याला कोपर लागलं. सगळं पुन्हा ढवळलं गेलं. अडीच तास पाण्यात गेले, अगदी शब्दशः. नवरा म्हणाला, "झोप आता, तू बघत बसलीस म्हणून तो लवकर बसणार आहे का?" बरोबर होतं ते. म्हणूनच जास्त राग आला. बाराला मी उठून नुसता टॉर्च मारून पाहिलं. दीडला पुन्हा. त्या पातेल्याकडे बघताना मला तेवढंच एक वाक्य सुचत होतं, "आजी, किती वाजता बसतो हे लिहून ठेवायला काय झालं होतं?"

पहाटे साडेपाचला वर स्वच्छ पिवळं पाणी आणि तळाला पांढराशुभ्र, दही लागावं तसा घट्ट चीक. पातेलं हळूच तिरपं केलं, पाणी गेलं, चीक जागचा हलला नाही. तर उत्तर असं : ठाण्याच्या दमट हवेत, पातेलं न हलवता, सहा-साडेसहा तास. रात्री लावा, झोपा, आणि पातेलं ओट्याच्या कडेला ठेवू नका. दोन वाट्या दाट चीक निघाला.

पुढचं कष्टाचं आहे पण अवघड नाही. तीन नारळांचं दाट दूध, साधारण आठ वाट्या. तीन वाट्या साखर, चिमूटभर मीठ. चीक आधी गार दुधातच गुठळ्या मोडून कालवायचा, मग गॅसवर चढवायचं. दहा ग्रॅम चायना ग्रास वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून घालायचा, थेट टाकलात तर दोरे राहतात. सणाच्या जेवणात मटण असतं आणि मांसाबरोबर दूध-तूप आम्ही खात नाही, म्हणून सगळी मदार नारळावर. थाळीलाही तूप लावायचं नाही, तेलाचं बोट फिरवायचं. काकू तूप घेऊन आल्या होत्या, त्यांना परत पाठवलं.

अकराला ढवळायला घेतलं. तासाभराने हात भरून आले आणि हलवा अजून खिरीसारखाच. आई म्हणते कडेने तेल सुटलं की झाला. किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. त्या तेल्यांची लेक मी, आणि माझ्या हलव्याला तेल सुटेना! पावणेएकला एकदम सुटलं. गोळा पातेल्याच्या कडा सोडून उलथन्याबरोबर फिरू लागला. थेंब ताटलीत टाकला, गार झाल्यावर बोटाला चिकटला नाही. वेलची, जायफळ, गुलाबी रंग, थाळीत ओतून वर बदाम-पिस्त्याचे काप. रंगाबद्दल : थेंब-थेंब घाला. माझा हलवा लग्नाच्या मांडवासारखा दिसत होता.

संध्याकाळी वड्या पाडल्या. कडा सरळ निघाल्या. आईला व्हिडिओवर दाखवल्या तर ती म्हणाली, "रंग जास्त झालाय," आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

काकूंकडे ताटली घेऊन गेले तेव्हा त्यांचे घट बसलेले, आणि दसऱ्यापर्यंत उपास. त्यांनी वडी नाकाशी धरली, म्हणाल्या, "आंबला नाही गं अजिबात," आणि ताटली काकांकडे दिली. चार वड्या त्यांनी दसऱ्यासाठी डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाकल्या. दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी योम किप्पूर, म्हणजे माझा कडक उपास.